नुसतं तेल

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या म्हाताऱ्या राहतात.
चोवीस उंदरिणी, चोवीस महिन्यांच्या,
माणसाच्या हिशोबात साठीच्या अलीकडे-पलीकडे.
पांढऱ्या म्हणायच्या, पण पाठीवर पिवळट झाक,
जुन्या पेटीच्या पट्ट्यांसारखी.
खिडकी नाही. उजेड-अंधार टायमर ठरवतो.
बाहेर खाडीची हवा एसीची जाळी खाते,
दर वर्षी नवी बसवतात, दर वर्षी लाल होते.

पिंजरे बदलतो हिरामण मढवी, घणसोलीचा.
वडिलांची खाचरं याच इमारतींखाली कुठेतरी गेली.
मी सुई भरत असते : बारा जणींना
तिळाच्या तेलात विरघळवलेलं इस्ट्रोजेन,
बारा जणींना नुसतं तेल.
"यांना निस्ता त्याल, बाय?"
तुलनेला कुणीतरी लागतंच, मढवी.
"मंग यांची संक्रांत अर्धीच."

सतरा नंबर तेलवाली.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. झाकण उघडलं
की माझा हातमोजा चाटते.
मी बावन्न पूर्ण. अकरा महिने कॅलेंडरवर खूण नाही.
रात्री तीनला छातीतून जाळ वर येतो,
नवरा झोपेतच पंखा पाचवर करतो.
वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं पाकीट
ड्रॉवरमध्ये, कागदी पट्टी न फाडलेलं.
आमच्या नोंदवहीत माझ्यासाठी रकाना नाही.

चौदा जानेवारी. वहीत 'सॅक्रिफाइस' लिहितात.
मढवी 'गेल्या' म्हणतो, आणि त्या दिवशी डबा उघडत नाही.
बर्फावर यकृतं, एकेक करून, वजनकाट्यावर.
तपकिरी, गुळगुळीत असायला हवीत;
यांच्या कडा मेणचट.
काळीज म्हणजे मुळात हेच.
हृदयानं नंतर शब्द ढापला,
आणि तुटणं, करपणं, पिळवटणं सगळं त्याच्या नावावर लागलं.
हे मात्र आयुष्यभर गाळत बसलं,
कुणाची तक्रार नाही, कविता नाही.

मग वाटणं, आम्ल घालणं, तासभर उकळत्या पाण्यात.
नळ्यांमध्ये गुलाबी चढतो.
जितका गुलाबी, तितकं आत गंजलेलं.
इतका सुरेख रंग आणि काम हे.
हार्मोनवाल्या फिकट, धुतलेल्या पदराएवढ्या.
तेलवाल्या सरबतासारख्या गडद.
हे अपेक्षितच होतं.

फक्त सतरा.
सतराची नळी सगळ्यांत फिकी.
इंजेक्शनवाल्यांहूनही फिकी.
मी पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली.
संध्याकाळी मढवी दाराशी उभा, चप्पल हातात.
"तिला मी पाला घालायचो. शेवग्याचा.
आईच्या परसातला. रोज नाय, रोजच्यासारखाच.
दुसऱ्या कुणी तोंड लावलं नाय."

मला ओरडायला हवं होतं.
सहा महिने, बावीस फॉर्म, समितीच्या सह्या.
एका उंदरिणीवरून काही सिद्ध होत नाही.
पाला असेल. तिची आई दणकट असेल.
माझा हात चुकला असेल तीनदा.
वहीत लिहिलं : क्र. १७ वगळली. कारण :
आणि त्यापुढे पेन
बराच वेळ टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका पसरेपर्यंत.

घरी आल्यावर ड्रॉवर उघडला.
पाकीट उलटंपालटं केलं, परत ठेवलं.
मी कुठल्या गटात, हे अजून कुणी ठरवलेलं नाही,
आणि मोजायला नळी नाही.

सोमवारी टेबलावर
ओल्या वर्तमानपत्रात बांधलेली जुडी.
बारीक पानं, काही कीटकांनी खाल्लेली.
"भाजी करा," म्हणाला मढवी,
आणि रिकामे पिंजरे धुवायला गेला.