पाठमोरा

रणात पाठ दाखवू नये म्हणतात.
मी दोनदा दाखवली,
दोन्ही वेळा मजुरी घेऊन.

पहिल्यांदा एकतिसाव्या वर्षी,
ब्रनोच्या बाहेर, बंद पडलेल्या कापडगिरणीत.
अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर छत्तीस चकाकते मणी,
हातात लाकडी बंदूक, चाप नसलेली.
प्लायवूडची खोकी म्हणजे भिंती,
जिमखान्यातली जुनी गादी म्हणजे दरी.
पळ म्हणाले, पळालो.
मर म्हणाले, अठ्ठावीस प्रकारे मेलो
आणि दुपारी कोबीसोबत क्नेडलिकी खाल्ली.
श्रेयनामावलीत शेवटून तिसरा, लुबोर ह्रुबेश,
तेही एक अक्षर गाळून.

दुसऱ्यांदा अठ्ठेचाळिसाव्या.
काचेची इमारत, कॉफीचं यंत्र,
आणि डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू.
येनोवेफा नावाची पोरगेली दिग्दर्शिका,
तिने माझी चाल तीनदा मागेपुढे करून पाहिली.
"राहू दे," म्हणाली, "लपवू नकोस."
मला वाटलं, दया आली.
नंतर कळलं, पुन्हा चित्रण करायला
दिवसच शिल्लक नव्हता.

काल एक नंबरच्या ट्राममध्ये
दोन पोरं हमरीतुमरीवर आलेली.
एक 'राख'वाला, एक 'उत्तरद्वार'वाला.

"राखमध्ये गडी कसा पिसासारखा!
गोळ्या सरत नाहीत, दम लागत नाही,
भिंतीआड दोन श्वास टेकला की जखमा भरून येतात."

"म्हणूनच खोटा. उत्तरद्वारमध्ये काडतुसं मोजून अकरा.
कॅमेरा खांद्याला इतका खेटून की धाप ऐकू येते.
आणि जिना उतरताना त्याचा डावा पाय
जरासा मागे राहतो, बघितलंस?
केवढा विचार केला असेल त्यामागे!"

मी काठी या हातातून त्या हातात घेतली.
विचार तर केलाच होता,
गोठलेल्या फुटपाथवर, पडता पडता:
अंडी वाचवू की गुडघा?
अंडी वाचली.

"पण मजा कशात आहे ते सांग," पहिला म्हणाला.
दुसरा गप्प बसला.
खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नसतं.
राखमध्ये मी जो पूल ओलांडतो
तो अजून स्वप्नात येतो, पाय जमिनीला न लागता.
उत्तरद्वारमधला जिना स्वप्नात येत नाही,
तो घरीच आहे, सव्वीस पायऱ्या,
लिफ्ट नोव्हेंबरपासून बंद.

दोन्ही खेळांत पाठ माझी,
चेहरा दुसऱ्याच कुणाचा.
डेन्मार्कचा कोणी देखणा मनुष्य, दाढी खुंटाएवढी,
आमची कधी भेट नाही.
जगभरची पोरं माझ्या मानेकडे बघत रात्री काढतात
आणि ट्राममध्ये मला जागा देतात
ती काठी पाहून.

घरी आलो तर अपोलेना खेळत होती.
खेळत म्हणजे काय,
तिला एक गोळी धड मारता येत नाही.
ती मला नदीकाठी नेऊन उभं करते आणि बटणावरून हात काढते.
राखमध्ये मिनिटभर सोडून दिलं
की गडी उजव्या हाताने मान खाजवतो.
तेवढं मी सांगून केलेलं नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत कॅमेरे चालूच राहिले होते.
"हा बघ," ती म्हणते, "हा तू."

मग ती उत्तरद्वार लावते.
त्यातही मी नदीकाठी, पाण्यावर धुकं,
वजन उजव्या पायावर.
चाळीस सेकंद. पन्नास.
आता तो हळूहळू मागे वळणार,
खांद्यावरून त्या परक्या माणसाचं नाक दिसणार,
तेवढ्यात अपोलेना बटण दाबते,
एकदाच, हलकेच,
आणि मी पुन्हा समोर बघायला लागतो.