पेव

हरिपुरात पेव उघडलं की
दादगोंडा आधी कंदील सोडायचा खाली.
विझला, तर थांबायचं.
हळद काय, कुठं पळत नाही.

मीही थांबलेय. रात्रीचे तीन.
लॅपटॉपवर दक्षिण ध्रुवाचा बर्फ,
दीड मैल खोल,
त्यात एकदाच चमकून गेलेली निळी रेघ.

ती मागं ओढत न्यायची आभाळात.
पौर्णिमेच्या चंद्राएवढी चूक;
तेवढ्यात हजारो दीर्घिका मावतात.
कुठली म्हणू?

न्यूट्रिनोला वाटेत कुणी अडवलं नाही,
ना धूळ, ना सूर्य, ना ही कृष्णा.
त्याचे भाऊबंद आत्ताही जातायत
माझ्या हळदपिवळ्या तळव्यातून.

"कुठनं आलं म्हणायचं ते?"
ठाऊक नाही, दादगोंडा.

"घाईनं भाऊ गेला माझा पेवात,"
एवढंच बोलून
तो कुशीवर वळला.