पंचवीस शब्द

अल्फियाला शाळेनं कादंबरी दिलीय,
मुलांसाठीची. दोन मित्र, मधे युद्ध.
ती समोरच्या दारातून तशीच येते,
साठाव्या पानात बोट घालून:
मोझेलआंटी, तुम्ही तेव्हा एवढ्याच होतात ना,
काय करत होतात?

मोजत होते.

लोथार माझगावला आमच्या वरच्या खोलीत आला
तेव्हा त्याला एकच मराठी शब्द यायचा, पाणी.
बॅलार्ड पिअरवरच्या हमालानं शिकवलेला.
महिन्याभरात शिव्याही आल्या.
वडील देवळालीच्या छावणीत, जर्मन म्हणून.
तिकडून हाकललं होतं, जर्मन नाहीत म्हणून.
आम्हाला ते वरच्या इयत्तेतलं गणित वाटायचं.

बहीण मागे राहिली, लिझल.
निघायच्या आठवड्यात तिला गोवर निघाला.
बोट काही थांबली नाही.

रेडक्रॉसच्या फॉर्मवर शब्द पंचवीस, जास्त नाही.
जिन्यात बसून आम्ही सागरगोटे मांडायचो,
शब्दाला एक.
प्रिय धरायचा का? नाव धरायचं?
मी म्हटलं, मलिद्याचं लिही,
पोहे, गूळ, खोबरं.
तो म्हणाला, तिला भूक लागेल.
खोडलं.

नऊ महिन्यांनी उत्तर आलं.
त्यानं मला मराठीत करून सांगितलं:
मी बरी आहे. दात पडला. नवा आला.
मांजर शेजारी दिलं. ये.

अकरा.
त्याचं तोंड एवढंसं झालं.
उरलेले चौदा मी ओंजळीत उचलले:
अरे वेड्या, शिल्लक ठेवलेत तिनं.
पुढचं पत्र एकोणचाळीसचं येणार बघ.

त्याला पटलं. मलाही.
रोज पोस्टमनच्या वेळेला
एकोणचाळीस सागरगोटे घेऊन आम्ही जिन्यात.
कमी पडले ते नागपाड्याच्या पोरींकडून उसने आणलेले,
अजून परत करायचेत.

सेहेचाळीस साली तो आईवडिलांबरोबर गेला.
पंधराचा होता, वर्तमानपत्र वाचायचा,
सगळं माहीत होतं त्याला.
तरी पिशवी माझ्याकडे देत म्हणाला,
पत्ता इथलाच आहे तिच्याकडे.
आलं तर मोजून घे.

पिशवी मी कधी सोडली नाही.
आज गाठ अल्फियानं सोडली, दातांनी.
फरशीवर ओळी लावते, ओठ हलवत.

अडतीसच आहेत, आंटी.

पुन्हा मोज, मी म्हणते.