खालची कवळी

डुलुथच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा
सासूबाईंच्या पिशवीत सोलं होती, तिरफळं होती,
आणि वहाणांचा एक जोड, ‘घरात घालूक’.
बाहेर उणे एकवीस.
श्वास दिसतो म्हणून दोनदा थबकल्या,
तिसऱ्यांदा मुद्दाम सोडून बघितला,
विडीच्या धुरासारखा, लांब.

मी सगळं ठरवून ठेवलं होतं:
हीटरजवळची खुर्ची, फोनवर मालिका, लोकरीचे मोजे.
निघतील कसेतरी तीन महिने.
चौथ्या दिवशी खुर्ची रिकामी.
खिडकीतून पाहते तर
मिहिकाची जुनी बर्फाची विजार चढवून,
वरून लुगड्याचा काष्टा मारून
(नुसत्या विजारीत कसं जायचं चारचौघांत?)
बाई ओजसबरोबर अंगणात,
फावड्यानं बर्फ लोटतायत
होडी पाण्यात लोटावी तशा,
कमरेतून, हेल काढत.

शनिवारी शेजारचा लॉइड हॅल्वरसन म्हणाला,
चला तळ्यावर, गळ टाकू.
तळं म्हणजे पांढरं पठार,
त्यावर चक्क ट्रक उभे.
काठावर पाय अडला त्यांचा.
“पाण्याक झाकण कोणी लावल्यान?”
चाळीस वर्षं समुद्र विकला होता त्यांनी
टोपली टोपलीनं, वेंगुर्ल्याच्या बाजारात.
त्यावर उभं राहायची वेळ आली नव्हती.
वाकल्या, हातमोजा काढून बर्फाला हात लावला,
तो हात कपाळाला,
आणि निघाल्या आमच्या सगळ्यांच्या पुढं.

लॉइडनं गिरमिटानं भोक पाडलं, ताटलीएवढं.
आत काळं पाणी, जागं.
उपड्या बादल्यांवर बसून
दोघं दीड तास गप्प.
त्याला मालवणी येत नाही, यांना इंग्रजी;
मासळीला गप्प माणूस लागतो
हे मात्र दोघांना येत होतं.
पहिला पर्च वर आला
तसा सवयीनं कल्ला उचलून बघितला, ताजा आहे ना?
मासा हातात फडफडत होता.
स्वतःलाच हसल्या.
लहानगा निघाला तो परत सोडला,
लॉइडनं तोंड उघडायच्या आत.

पण मला खरं सांगायचंय ते टेकडीचं.

शाळेमागचा उतार, संध्याकाळचे चार,
उजेड भांड्याच्या तळाशी उरावा तेवढा.
घसरगाडी एक आणि पोरं दोन,
म्हणून मी घरून कपड्यांची टोपली आणली, प्लास्टिकची.
वळून बघते तर टोपलीत सासूबाई.
“आये, नको!” दिगंबर ओरडला.
“गपचिप ढकल,” त्या म्हणाल्या.
ढकललं कुणी ते अजून कुणी कबूल करत नाही.

टोपली फिरली, उलटी झाली, सुलटी झाली,
लुगड्याचा पदर शिडासारखा फुगला,
आणि खाली, झुडपापाशी,
सगळं शांत.

मी धावले. पडले. पुन्हा धावले.
बर्फात उताणी बाई, डोळे मिटलेले,
खांदे हलतायत. रडतायत?
तोंड उघडलं तर हसणं,
अर्धं. खालची कवळी गायब.

मग आम्ही पाच जणं, लॉइडसकट सहा,
टॉर्च घेऊन गुडघ्यांवर,
मिहिका चाळणीनं बर्फ चाळतेय,
आणि त्या टोपलीत बसून
बोळक्या तोंडानं हुकूम सोडतायत:
“थंय न्हय, फुडे, फुडे!”
नाही सापडली.
त्या रात्री पर्चची आमटी
हिरड्यांनी खाल्ली त्यांनी, काटा न चुकता.
माझ्या घशात अडकला.

मार्चमध्ये गेल्या. खुर्ची हीटरजवळच होती,
मीच तिच्यात बसायला लागले.

एप्रिलच्या शेवटी बर्फ हटलं, शाळेमागं चिखल,
आणि ओजस धावत आला, मुठीत काहीतरी:
पिवळ्या गवतात पडली होती, म्हणाला,
एकटीच हसत.

मी फोन केला. पार्सल करू का?
तिकडं कुणीतरी बोंबील वाळत घालत होतं,
कावळे ओरडत होते. नवी कवळी केव्हाच झाली होती.
थोडा वेळ काहीच नाही.
मग म्हणाल्या, “थंयच ठेय.
आणि ती टोपली फुटली नाय मा?”

टोपलीला एक चीर गेलीय.
दिगंबरनं टेप लावलीय तिला.
मी तिच्यात कपडे ठेवत नाही.