लाट वजा करून

वक्ता क्रमांक एकतीस. पुरुष. वय बासष्ट.
निवती बंदर, जाळ्यांचा मांगर, सकाळचे सव्वानऊ.
प्रश्न चौथा: हल्ली दिवस कसा जातो?

उत्तराआधी एक पूर्णांक आठ सेकंद काही नाही.
मग, "बरो जाता."
मग पुन्हा काही नाही.

पंधरा वर्षं मी या काही-नाहीवर जगते आहे.
माझी पीएचडी त्यावर, फ्लॅटचा हप्ता त्यावर.
आवाजातला कंप, सुराची चढउतार, दोन शब्दांमधली जागा
मोजायची आणि मशीनला शिकवायचं
कोण आतून खचत चाललंय ते.
मशीन शिकलं बंद खोल्यांतल्या आवाजांवर,
समोर पाण्याचा ग्लास ठेवून बोललेल्या माणसांवर.
मी किनाऱ्यावरून नेलेल्या चौऱ्याऐंशी आवाजांत
त्याला नुसता गोंगाट सापडला.
म्हणून आधी साफसफाई.
कावळे गेले, होडीचं इंजिन गेलं,
कुणी कुणाला तरी मारलेली हाक गेली,
शेवटी समुद्र गेला.

उरला रुक्मांगद खवणेकर
(नाव लिहायचं नसतं, बदलून लिहिते आहे),
पांढऱ्या पडद्यावर एक निळी रेघ.
धोका: शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.

मूळ फाईल मी रात्री ऐकली, लॉजवर,
डासांची अगरबत्ती लावून. न धुतलेली फाईल.
तो तोंड उघडतो, लाट येते, तो थांबतो,
लाट फुटते, पाणी वाळूवरून मागे सरकतं,
मग शब्द.
दर वेळी. सहा मिनिटं.
जन्मभर किनाऱ्यावर बोललेला माणूस
समुद्राला मध्येच तोडत नाही.
आम्ही समुद्र पुसला
आणि त्याची अदब आजाराच्या रकान्यात टाकली.

याचा शोधनिबंध झाला. चांगला झाला.
दुसऱ्या परीक्षकाने शेरा मारला: लाट ही संज्ञा स्पष्ट करावी.
मी अडीच पानं स्पष्ट केली.
व्हिएन्नाला टाळ्या पडल्या, कॉलेजने शाल दिली,
बढतीची मुलाखत बारा मिनिटांत आटोपली.
त्या बारा मिनिटांत माझ्या तोंडून
केळूसचं एकही अनुनासिक सांडलं नाही.

डिसेंबरात निवतीला गेले, निबंधाची प्रत घेऊन.
त्याने चष्मा पुसला, आलेखावर बोट ठेवलं. "ह्यो मी?"
हो. ही लाट. आणि इथे तुम्ही थांबलात.
हसला. "लाट फुटासर बोलान उपेग काय? आयकतलो कोण?"
मीही हसले. हेच तर छापलं होतं.
रेकॉर्डर पिशवीत होता.
सुई जाळ्यातून दोनदा गेली.

"पण बाय,
लाट नसता तेवा पण थांबतंय मी.
रातचो. घरात.
तां तुझ्या कागदार खंय आसा?"

ओहोटी होती. समुद्र खडकांच्या पलीकडे,
त्याच्यावर ढकलावं असं काही ऐकू येत नव्हतं.

मी संमतीपत्राच्या कोऱ्या पाठीवर
कुडाळच्या डॉक्टरांचा नंबर लिहिला,
एक आणि नऊ वेगळे दिसावेत म्हणून पुन्हा गिरवून.
त्याने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.
"डॉक्टराक मालवणी कळता?"

मला माहीत नव्हतं.
चौऱ्याऐंशी माणसांना मी बावीस प्रश्न विचारले,
त्यांना काय विचारायचं असेल
याला फॉर्मवर जागा नव्हती.

"मी येतंय वांगडा," मी म्हटलं.
वांगडा हा शब्द किती वर्षांनी तोंडात आला
ते मोजलं नाही.

बुधवारी सव्वासातची एसटी.
थांब्यावर तो माझ्या आधी येऊन उभा होता,
इस्त्रीच्या शर्टात,
हातात कागदात गुंडाळलेले सुके बांगडे, डॉक्टरांसाठी.