तीन वाजून सात

आठ सेल लागतात त्याला, पेन्सिलीचे.
लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराने चाळीस मोजले आणि विचारलं,
घड्याळाला का पोरांच्या गाड्यांना?
गव्याला, म्हटलं.
हसला. पिशवीत एक सेल जादा टाकला, गव्याच्या नावाने.

कासारपाण्याच्या वाटेवर जांभळीच्या बुंध्याला
गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली
पट्ट्याने आवळून बांधला कॅमेरा.
समोरच्या दोन डहाळ्या मोडल्या,
नाहीतर रात्रभर वाऱ्याचेच फोटो येतात.
बमू झोरे चौघा पायांवर रांगत गेला समोरून, साठीचा माणूस,
लाल दिवा लुकलुकला तसा म्हणाला,
घावलो बघ.

पौषात दाजीपूरच्या सड्यावर दव पडत नाही,
चावतं.

पहिलं कार्ड:
साळिंदर, पाठमोरं.
पिसोरी, म्हणजे अर्धी पिसोरी.
गव्याचं पोट, नुसतं पोट, चौकटभर काळं.
आणि रोज तीन वाजून सात-आठ मिनिटांनी
सगळं बंद.
नऊला ऊन लागलं की पुन्हा चालू,
पहिला फोटो फुलपाखराचा,
जसं काही झालंच नाही.

पुण्याहून मॅडम फोनवर म्हणाल्या,
साधे सेल थंडीत दम सोडतात, लिथियमचे घाला.
आठ लिथियम म्हणजे माझी चार दिवसांची मजुरी.
बिल पास होणार मार्चमध्ये,
मार्चमध्ये थंडी कुठली?

तोवर मी सेल बनियनच्या आत घालून चढ चढायचो,
झाडाशी पोचल्यावरच काढायचो, अंगाच्या उबेसकट.
डबीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, दमटपणा ओढायला.
बमू बघत उभा असायचा.
एकदाच बोलला, तंबाखू थुंकून:
म्हंजे मेलं न्हाय त्ये. गारठलंय.

दुसरं कार्ड.
तीन सातला बंद.
तीन चाळीसला चालू!
पण फोटो पांढरा.
पुढचा पांढरा. त्याच्या पुढचा.
उजाडेपर्यंत सव्वीस फोटो, पांढरेफटक,
दुधात बुडवून काढल्यासारखे.
मी तक्त्यात लिहिलं: बिघाड.
कॅमेऱ्याला शिवी दिली, जपानी कंपनीला दिली,
जादा सेल देणाऱ्या त्या दुकानदारालाही एक.

सत्ताविसाव्या फोटोत
पांढऱ्याच्या कडेला काळी वीण होती.
लोकर.
आणि एक अंगठा,
कोयत्याने नख फाटलेला.

विचारलं तर बमू बुटाकडे बघत राहिला, माझ्या.
वाड्यापासून पाणवठा अर्धा तास, उतार, काळोख.
न्हाय, झोप येत न्हाय आता म्हाताऱ्याला, म्हणाला.
मग हळूच:
रातीचं जलमलेलं कोकरू गारठलं की काय करतोस?
घोंगडीत घ्यायचं. दोन्ही तळवं लावायचं. फुकायचं.
डोळं उघडतंय की.
ह्येचं बी उघडलं.

त्याला कसं सांगू,
की डोळा उघडल्या उघडल्या त्याला दिसला फक्त तुझा तळहात,
आणि त्याच्याच न दिसणाऱ्या उजेडाने
तुझा तळहात पांढरा झाला सव्वीस वेळा?

मॅडमचा नियम आहे, माणसांचे फोटो पुसायचे.
पुसले.
तक्त्यात मात्र खोडून लिहिलं:
प्रजाती, माणूस. संख्या, एक. वर्तन,
तिथे थांबलो. चरणे, पाणी पिणे, पिल्लासह,
यांतलं कुठलं?

एक ठेवलाय. अठरावा.
दोन बोटांमध्ये फट राहिलीय सुपारीएवढी,
फटीतून मागचा पाणवठा,
आणि पाणवठ्याच्या अलीकडे, बमूच्या पाठीशी,
त्याच्या डोक्याच्याही वर,
दोन ठिपके. हिरवट. स्थिर.
पुढच्या फोटोत नाहीत.

मार्च लागायचाय.
रोज सकाळी विचारतो, काय घावलं का रं?
मी म्हणतो, पोट. गव्याचं.