पाठकोरा

सेलू, पंचायत समितीचं सभागृह, मार्चची दुपार.
पंखा फिरला की सगळ्या कार्डशीट एकदम उठून बसायच्या,
म्हणून प्रत्येकीनं कोपऱ्यावर काहीतरी ठेवलं:
जेवणाचा डबा, अंगणवाडीच्या किल्ल्या,
एकीनं स्वतःची चप्पल, आधी पदरानं पुसून.

मी सांगितलं, "आपल्या कामाची नदी काढा.
उगम कुठं, वळण कुठं, कुठं अडलात.
चित्र चांगलंच यावं असं काही नाही."
हे शेवटचं वाक्य मी नऊ वर्षं म्हणते आहे
आणि म्हणताना माझ्या हातात कधीच स्केचपेन नसतं.

"नदी म्हंजे कोणती?" मागून कुणीतरी.
"आपली का पुस्तकातली?"

पुस्तिकेत अडचणीसाठी मगर दिली आहे, पान सतरा.
अयोध्याताई म्हणाल्या, "दुधनेत मगर नाई, टिप्पर हाय,"
आणि टिप्परच काढला, नंबरसकट.
मग शेवटचे दोन आकडे गिरवून बुजवले.
"उगं कशाला."

शमीमबीच्या बोटांना मेंदीची सवय.
तिच्या नदीला पाण्यापेक्षा पानंच जास्त.
एका कागदावर शिडाचं जहाज होतं,
शेजारच्या कागदावरही, त्याच्या शेजारच्याही.

धुरपताबाई, मदतनीस,
पेन मुठीत, उलथनं धरावं तसं.
टोपण काढलेलं नाही.
अर्धा तास गेला.
मी जवळ जाऊन बसले, म्हटलं,
"मी काढू का? तुम्ही फक्त सांगा."
(हे करायचं नसतं.
मीच शिकवते इतरांना, की हे करायचं नसतं.)
त्यांनी मूठ जरा आवळली, बस्स.

चहा झाला तेव्हा कागदावर गोल होते.
तपकिरी, लहानमोठे, एकाखाली एक,
काठ नाहीत, प्रवाह नाही.
"ही मुलं का? अंगणवाडीतली?"
मान हलली, नाही म्हणून.
"मग थेंब?"
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
रडक्या पोराला बघतात तसं, न रागावता.
"झिरे हायेत, बाई.
नदी खाली असती. वर नुसती वाळू.
खिचडीला पाणी लागतंच की.
दरसाल एक झिरा. दरसाल हातभर खोल."

मी मोजले. एकवीस.
एक गोल पुरता काळा केलेला,
इतका की कागद तिथं ओला होऊन उचकटला होता.
या खेपेला मी विचारलं नाही हे काय.
म्हटलं, "याबद्दल काही सांगावंसं वाटतं?"
"नाई," म्हणाल्या,
आणि डब्यातली उरलेली भाकरी शमीमबीला दिली.

मांडणीच्या वेळी भिंतीवर नद्या लागल्या.
कुणी रडलं, कुणी पर्यवेक्षिकेकडे बघून रडणं आवरलं.
टिप्परला टाळ्या पडल्या.
झिऱ्यांपुढं सगळ्या जरा थांबल्या, पुढं गेल्या,
आणि दोघी परत आल्या.

पाचची गाडी गाठायची म्हणून आवराआवर चालली होती.
धुरपताबाई आल्या.
"तो कागुद मला देता का?
पाठकोरा हाय. नातीला होईल."
अहवालाला चित्रं जोडावी लागतात, मूळ प्रती, सहीसह.
मी म्हणाले, "एक मिनिट, फोटो तेवढा काढू द्या."
त्यांनी कागद छातीशी धरला, साडीचा काठही नीट केला.
मला त्यांचा फोटो नको होता, कागदाचा हवा होता,
ते सांगायला जीभ रेटली नाही.

परभणीला उतरून पेनं मोजली.
चोवीस दिली होती, एकोणीस आली.
निळी सगळी परत आली होती, भरलेली.
रात्री अहवाल लिहिताना फोटो मोठा करून पाहिला.
गोल मोजले. वीस भरले.
परत मोजले. वीस.
काळ्यावर त्यांचा अंगठा आहे.

मूळ प्रती: त्रेचाळीस, मी लिहिलं.
शेरा या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसले.
टोपण काढलेलं नव्हतं.